हद्दीवरचं ताट

सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला विचारून बघा, 'ह्या रविवारी कुठं?' 'कुठंही चालेल,' म्हणेल आणि पुढच्याच वाक्यात तोरण्याचं नाव घेईल. नाहीतर एखाद्या धबधब्याचं, नाहीतर जिथून सूर्यास्ताचे फोटो बरे येतात त्या कड्याचं. ह्यात गैर काही नाही. नावाजलेल्या जागी जावं, तिथली गोष्ट ऐकावी, पिठलं-भाकरी खाऊन परतावं. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण अशा माणसाला सह्याद्री ठाऊक असतो असं म्हणायचं का, हा प्रश्न अलीकडं मला छळू लागला आहे. त्याला सह्याद्रीतलं निवडक ठाऊक असतं. आणि निवड करणारा तोच.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत '४७ एफ' नावाचा एक चौकोन आहे. १८ ते १९ उत्तर अक्षांश, ७३ ते ७४ पूर्व रेखांश. वरच्या कडेला माथेरान, खालच्या अंगाला महाड आणि भोर, पश्चिमेला पेण-रोह्याची भातखाचरं, पूर्वेला हडपसर ओलांडून थोडं पुढं. राजगड, तोरणा, सिंहगड, पुरंदर, लोहगड, तुंग, तिकोना, कोरीगड, सुधागड, रायगड हे सगळे ह्या एकाच चौकोनात. उत्तर-दक्षिण सुमारे ११० किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे १०५. म्हणजे साडेअकरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडी जास्तच जमीन. ह्यातल्या किती जमिनीवर माझा पाय पडला असेल? पायवाटांची रुंदी धरून हिशेब करायला बसले, तर दशांश चिन्हानंतर शून्यं मांडता मांडता हात दुखेल.

बरं, नावाजलेल्या जागा ठरवून टाळाव्यात, तरी पंचाईत आहेच. मन टाळतानाही निवडतंच. मी संख्याशास्त्र शिकवायचे. वर्गात मुलांना एक ते दहांमधला कुठलाही आकडा लिहायला सांगायचे, आणि दरवर्षी साताची गर्दी व्हायची. एक किंवा दहा फारसं कुणी लिहीत नसे. टोकाचा आकडा पुरेसा 'कुठलाही' वाटत नाही. पन्नास अंक मनानं लिहायला सांगितले तर एकच अंक लागोपाठ तीनदा यायला मुलं तयार नसत. खऱ्या सोडतीत मात्र तो अधूनमधून बिनदिक्कत येतो. म्हणून तर १९२७ साली टिपेट ह्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं जनगणनेच्या अहवालांतून उचललेल्या ४१,६०० अंकांचं पुस्तकच छापलं. ज्यांना काही अर्थ नाही असे आकडे मिळवायलासुद्धा माणसाला स्वतःबाहेर जावं लागतं.

मी जी सोडत वापरते ती एका व्यंगचित्रकारानं काढलेली आहे. २००८च्या मे महिन्यात रँडल मन्रो ह्या अमेरिकी चित्रकारानं 'एक्सकेसीडी' ह्या आपल्या चित्रमालिकेत एक युक्ती मांडली. त्या दिवसाची तारीख घ्यायची, तिला न्यूयॉर्कच्या डाऊ जोन्स निर्देशांकाचा उघडतानाचा आकडा जोडायचा आणि ती ओळ एमडी-फाइव्ह नावाच्या गणिती चरकातून काढायची. पलीकडून बत्तीस खुणांची एक माळ बाहेर पडते. तिचे दोन तुकडे करून प्रत्येकाचा अपूर्णांक करायचा. पहिला आपल्या अक्षांशाच्या पूर्णांकापुढं लावायचा, दुसरा रेखांशाच्या. झाला बिंदू तयार. पृथ्वीवरच्या प्रत्येक एक अंशाच्या चौकोनात असा एक. योगायोग असा की पुणेकरांच्या वाट्याला येणारा चौकोन म्हणजे तोच आपला ४७ एफ. ह्या खेळाला जिओहॅशिंग म्हणतात आणि जगभर थोडी हौशी मंडळी तो खेळतात.

यात शेअरबाजार कशाला? तर तारीख सगळ्यांना आधीच माहीत असते, बाजार किती अंशांवर उघडेल ते कुणालाच नसतं. त्यामुळं सोयीचा बिंदू आधी हेरून ठेवता येत नाही. आपला दिवस न्यूयॉर्कच्या आधी उजाडतो, म्हणून भारतासाठी आदल्या दिवशीचा आकडा धरतात. हिवाळ्यात तिथला बाजार आपल्याकडं रात्री आठला उघडतो. म्हणजे शुक्रवारी वरणाला फोडणी पडते त्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये घंटा वाजते आणि शनिवारी मी कुठं जायचं ते ठरतं. ज्यांनी तो आकडा घडवला त्यांना मुळशी तालुका कुठं आहे ते ठाऊक नाही. हीच तर त्यांची लायकी.

मुळशीचं पुढं सांगते. त्याआधी मामांबद्दल सांगायला हवं, कारण सोडतीची शिस्त मी पुस्तकातून नाही, त्यांच्याकडून शिकले.

मामा कृषी खात्यात होते, सोलापूर जिल्ह्यात. रब्बी ज्वारी पिवळी पडायला लागली की त्यांच्या मागं पीक कापणी प्रयोगांचा ससेमिरा लागे. तालुक्यात एकरी किती पिकलं हे सरकारला कळायचं कसं, तर सोडतीनं गाव काढायचं, सोडतीनं शेत काढायचं, त्या शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं आणि यादीत जे आकडे आले असतील तितकी पावलं लांबीत आणि तितकी रुंदीत चालायची. पाऊल थांबेल तिथं खुंटी. तिथून ठरल्या मापाचा आयत दोरीनं आखायचा, आतलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. ह्या आकड्यांवर पैसेवारी ठरते, आता पीक विमाही ठरतो. त्यामुळं सुट्टीत मी त्यांच्यामागून फिरायचे तेव्हा बांधावर बघे हमखास असत. पीकपाणी बरं असेल त्या साली शेतकरी म्हणायचा, "रावसाहेब, हितं काय बघताय, तिकडं वरल्या अंगाला बघा कशी आलीया." दुष्काळात तोच हात उलट्या दिशेला जायचा. मामा दोघांनाही हो म्हणायचे आणि खुंटी होती तिथंच ठोकायचे.

खरी ओढाताण व्हायची ती दोरीपाशी. दोरी नेमकी एखाद्या ज्वारीच्या ताटावरून जायची. अर्ध्याहून जास्त बुंधा आत असेल तर ताट आत, नाहीतर बाहेर, असा नियम. पण भरदार कणसाचं ताट असलं की कापणाऱ्याचा हात त्याला नकळत आत घ्यायचा. मामा विळा थांबवत. "हद्दीवरचं ताट हाताला चिकटतं," म्हणायचे, "तेवढंच एक सांभाळायचं, बाकी सोपं आहे."

पुढं एमएस्सीला असताना कळलं की मामांच्या ह्या वाक्यावर मोठा वाद होऊन गेला आहे. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस अगदी लहान लहान तुकडे कापून उत्पन्नाचा अंदाज काढत. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४०च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांनी दाखवून दिलं की लहान तुकड्यांतून येणारं उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त भरतं. कारण साधं आहे. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानानं हद्द मोठी. आणि हद्द मोठी तितकी 'हे आत की बाहेर' असं वाटायला लावणारी ताटं जास्त. कुणी खोटं बोलत नाही, कुणी चोरी करत नाही, तरी आकडा फुगतो. चांगल्याकडं कललेला हात एवढंच कारण. सुखात्मे पुढं रोमला अन्न आणि कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. मामा मंडळ कृषी अधिकारी म्हणून निवृत्त झाले. दोघांनी आयुष्यभर एकाच ताटाशी झुंज दिली असं मला वाटतं.

तर गेल्या माघातल्या एका शुक्रवारी रात्री बिंदू पडला तो मुळशीच्या तलावापलीकडं, घाटमाथ्याच्या अलीकडच्या उतारावर. ताम्हिणी अभयारण्याच्या हद्दीबाहेर, म्हणून परवानगीचा कागद लागला नाही. राखीव वन होतं म्हणून वनरक्षकाला फोन केला. त्यानं बिंदूचे आकडे लिहून घेतले, एकट्याच का ते विचारलं, कारण विचारलं नाही. "चारपर्यंत खाली आल्याचा फोन करा मॅडम. नाही आला तर मी माणसं घेऊन निघतो." कुठल्याही गडावर जाताना इतकी नीट व्यवस्था मी कधी केली नव्हती.

वाडीच्या मागून वाट वर चढते. पहिला टप्पा वाळक्या गवताचा. वनखात्यानं जाळरेषा काढलेली, काळी आणि सरळ. मागं वळलं की मुळशीचा तलाव पसरलेला दिसतो. त्याच्या तळाशी गावं आहेत. १९२१ साली सेनापती बापटांनी इथल्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला, तरी धरण झालं; पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरवून त्याची वीज मुंबईला गेली. ती जागा कुणी चिठ्ठ्या टाकून काढली नव्हती. प्रचंड पाऊस, उंच माथा, सरळ तुटलेला कडा, हे सगळं बघून, मोजून, पसंत करून काढली होती. माणसाला एखादी जागा फार आवडली की त्या जागेचं काय होतं, ह्याचा हाही एक दाखला.

जंगल सुरू होतं तिथं सरपणाची मोळी बांधत एक आजी बसल्या होत्या.

"देवीला निघाल्या का बाई?"

"नाही आजी, त्या पलीकडच्या उतारावर."

"तिथं काय हाय?"

"काही नाही. बघून यायचंय."

त्यांनी मोळीचा पीळ दाताखाली धरून आवळला आणि मग सावकाश म्हणाल्या, "काय न्हाय ते बघायला पुण्यावरनं आलात व्हय." त्यात थट्टा नव्हती, नोंद होती. मग हातानं दिशा दाखवली. "सरळ नका जाऊ. मधी घळ हाय. डुकरांची वाट हाय खालच्या अंगानं, ती धरा. करवी लई हाय, डोळे सांभाळा."

माझ्या फोनमधल्या बाणाला घळ दिसत नव्हती. त्याच्या लेखी मी आणि बिंदू ह्यांच्यामध्ये चारेकशे मीटरांची सरळ रेघ होती. नकाशालाही घळ अर्धवटच दिसते. पन्नास हजारात एक ह्या प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा वीस वीस मीटरांनी काढतात. दोन रेषांच्या मधे पंधरा मीटरचा कातळ आरामात दडून राहतो. आजींची डुकरवाट मात्र घळीला वळसा घालून नेमकी निघाली.

वाट सोडली की सह्याद्रीचं जंगल किती वेगळं होतं, हे गडवाटांवरून चालणाऱ्याला कळत नाही. वाटेवर झाडं दोन्ही बाजूंना असतात. इथं ती समोर असतात. पुरुषभर उंचीची कारवी, काठीला काठी लागलेली. पावसाळ्यातली तिची हिरवी गर्दी लांबून बघितली होती. माघात ती खरखरीत, करडी, गाठीगाठींची असते, आणि तिच्यातून जाताना हात पुढं करून काठ्या बाजूला सारत, तोंड खाली घालून घुसावं लागतं. सात वर्षांतून एकदा फुलते आणि मग मरते म्हणून तिचं केवढं कौतुक! फुलण्याच्या त्या एका हंगामात माणसं गाड्या भरभरून येतात. मधल्या बाकीच्या वर्षांत ती काय करत असते? हे करत असते. उतारावरची माती धरून उभी असते आणि वाडीतल्या घरांच्या कुडांना काठ्या पुरवते.

बाण शंभरावर आला, पन्नासावर आला, आणि मग फोन भांबावला. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेनं उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली गफलत काढून टाकली. त्याआधी नागरी यंत्रात शंभरेक मीटरांचा फरक सहज पडायचा. आता मोकळ्यावर काही मीटरांत जागा सापडते. पण एका बाजूला डोंगराची भिंत आणि डोक्यावर पानांचं छत असलं की उपग्रह कमी दिसतात, कातळावर आपटून आलेले संदेश घोळ घालतात, आणि पडद्यावरचा निळा ठिपका आपल्याभोवती मोठं फिकट वर्तुळ काढून बसतो. माझ्या बिंदूला दशांश चिन्हानंतर सहा अंक होते, म्हणजे वीतभर जागेचा नेमकेपणा. प्रत्यक्षात हातात होतं बारा मीटर त्रिज्येचं 'इथंच कुठंतरी'.

आणि त्या वर्तुळाच्या अगदी कडेला, चढाच्या बाजूला, एक काटेसावर फुलली होती.

पान एक नाही, नुसती लाल फुलं, आणि झाडभर पाखरांचा बाजार. साळुंक्या, बुलबुल, हळद्यांची एक जोडी, मधेच एक कोतवाल सगळ्यांना हाकलून परत येणारा. खाली पडलेली जाड पाकळ्यांची फुलं. तिथं बसायला सपाट दगडही होता. बिंदू तिथं असू शकत होता. फोन तसं म्हणायला तयार होता. फोटो काढला असता तर बघणारा म्हणाला असता, वा, नशीब काढलंत, सोडत लागली तीही अशा ठिकाणी.

मामांचा विळा मला तिथं दिसला. अशा वेळेसाठीच नियम आधी करायचा असतो, आणि तो मी घरून निघतानाच वहीत लिहिला होता: बाण पहिल्यांदा पाच मीटरांच्या आत आला की पाऊल तिथं थांबवायचं, तिथं खुंटी, मग फोन खिशात. बाण पाचाच्या आत आला तेव्हा मी कारवीत उभी होते. काटेसावर पंधरा-सोळा पावलं वर. खुंटी कारवीत गेली. तिथून दोरीनं दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद असा आयत आखला, म्हणजे कारवीतून जमेल तसा आखला, आणि आत काय आहे ते लिहायला बसले.

ऐनाचा एक जुना बुंधा, कधीतरी कापलेला. त्याच्या कडेतून फुटलेले तीन धुमारे, आता मांडीएवढे जाड, सुसरीच्या पाठीसारखी साल धरलेले. किंजळाची दोन कोवळी झाडं. एक हिरडा, एक कुडा, दिंड्याचे सुकलेले दांडे. कारवी मोजता येईना, तेव्हा एका कोपऱ्यातली मोजली आणि गुणाकार केला. डुकरांनी उकरलेली माती दोन ठिकाणी. आयताच्या खालच्या टोकाला हातभर सपाट जागा आणि तिथली माती काळी, चिमटीत घेतली तर कोळशाचे बारीक कण बोटाला लागणारी. जुन्या कोळसाभट्टीची जागा असावी. मुळशी-मावळच्या डोंगरांत अशा भट्ट्या एके काळी लागत, ऐन-किंजळ त्यात जात आणि कातकऱ्यांच्या कष्टावर शहरातल्या शेगड्या पेटत. बुंधा आणि काळी माती एकमेकांना ओळखत होती.

मग लक्षात आलं, हे जंगल मी कधी वाचलेलंच नाही. देवरायांबद्दल वाचलं होतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळून त्यांच्यावर लिहिलं, आणि त्या खरोखर लिहिण्यासारख्याच आहेत. बोडक्या झालेल्या डोंगरांबद्दलही वाचलं होतं. त्यावर अग्रलेख येतात. पण एकदा तुटलेलं, मुकाट्यानं परत फुटलेलं, ना धड पुराणं ना धड उजाड, असं हे मधलं जंगल कुणाच्या गोष्टीत येत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात ते येतं, रंगाचा एक ठिपका म्हणून. उपग्रहाच्या चित्रात चाळीस ते सत्तर टक्के छत दिसलं तर मध्यम घनदाट, दहा ते चाळीस दिसलं तर विरळ. वरून बघणाऱ्याला छत दिसतं. एका बुंध्यातून तीन धुमारे फुटलेत हे त्याला दिसत नाही.

आता ह्यावरून मी काही निष्कर्ष काढावा अशी वाचकाची अपेक्षा असेल तर माझा विषय आडवा येतो. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. नमुन्यावरून विचरण काढायच्या सूत्रात नमुन्यांच्या संख्येतून एक वजा करून भागायचं असतं. नमुना एकच असला की छेदात शून्य येतो आणि गणित तिथंच हात जोडतं. त्या एका आयतावरून मुळशीच्या जंगलाबद्दल मला एक अक्षर बोलता येणार नाही. माझ्याबद्दल मात्र बोलता येतं. काटेसावरीकडं वळलेली मान मी स्वतः पाहिली. इतकी वर्षं जे काही बघून आले, त्यात किती काटेसावरी अशा हद्दीवरून आत घेतल्या असतील! माझ्या मनातला सह्याद्री खऱ्याहून किती तरी जास्त फुललेला, जास्त उंच, जास्त ऐतिहासिक असणार. तो खोटा नाही. फुगलेला आहे, लहान तुकड्यांतल्या ज्वारीच्या उत्पन्नासारखा, आणि नेमक्या त्याच कारणानं.

गडांवर जाणं मी सोडणार नाही. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर वारा खायला कुठल्या सोडतीची परवानगी लागत नाही. आणि दोरी गुंडाळून झाल्यावर काटेसावरीखालच्या त्या दगडावर बसून मी डबा खाल्ला, पाखरं बघितली, हेही सांगून टाकते. फक्त वहीत ती लिहिली नाही. चारच्या आत खाली येऊन वनरक्षकाला फोन केला. "सापडलं का?" त्यानं विचारलं. सापडलं म्हटलं.

ह्या शनिवारचा बिंदू हडपसरच्या पुढं पडला आहे, बहुधा एका गोदामामागच्या वाहनतळाच्या आसपास. मैत्रीण म्हणाली, "हा सोड, पुन्हा पडेल की जंगलात." म्हणजे पुन्हा तेच ताट, वेगळ्या हद्दीवरचं. जंगलात पडले तेवढेच बिंदू धरायचे आणि बाकीचे सोडायचे, तर न्यूयॉर्कच्या बाजाराला मधे घालायची गरजच काय, मी सरळ ताम्हिणीला जाईन. तेव्हा शनिवारी हडपसर. बस आहे, वही आहे, दोरी आहे. रखवालदारानं आत सोडलं नाही तर फाटकाबाहेर उभं राहून जेवढं दिसेल तेवढं लिहीन. झाडं शून्य भरली तर शून्य लिहायचं. तोही आकडाच आहे.